तिसऱ्या सत्रातला गोलरक्षक

ब्रोकन ॲक्सल, सस्कॅचेवान
रविवार, जेवणानंतर

प्रिय स्टेफ्काताई,

तुला नमस्कार, लेकीला, लेस्याला आशीर्वाद, जावईबापूंना आठवण, आणि ज्या नव्या पाहुणीचं वजन तू मला फोनवर तीनदा सांगितलंस तिला एक पापा. तुझा बदललेला गुडघा हॅलिफॅक्सच्या दमट हवेत कुरकुरत नसेल अशी आशा आहे. (कुरकुरत असेल तर डॉक्टरला सांग, लेस्याला सांगू नकोस, ती लगेच तुला घरी पाठवेल आणि घरी यायची ही वेळ नाही. का, ते पुढे येईल.) इकडे सगळं ठीक आहे. उणे चौतीस आहे, पण वारा नाही, त्यामुळे लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरताहेत. माझी पाठ बरी आहे. इंजिन गोठू नये म्हणून पिकअपची वायर रोज रात्री आठवणीने भिंतीत खोचतो, फक्त मंगळवारी विसरलो आणि बुधवारी चालत गेलो. तू जाताना माझ्या फ्रीजरमध्ये बटाटा भरलेल्या पेरोगींच्या चाळीस पिशव्या ठेवून गेलीस आणि हाल्वरदाजींना रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला बसवायचं असं बजावून गेलीस, त्यातल्या एकोणतीस पिशव्या झाल्या. अकरा शिल्लक आहेत आणि गेले चार दिवस त्या अकराच आहेत. हाही विषय पुढे येईल.

तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला? ताई, तू फोन नेहमी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावतेस. मी इकडे मन मोकळं करायला लागलो की तिकडून लेस्या हसते, जावईबापू 'काय म्हणाले मामा?' म्हणून विचारतात आणि तू मला पाण्याचं बिल, छतावरचा बर्फ आणि माझं कोलेस्टेरॉल यांवर आणून सोडतेस. शिवाय जे लिहायचं आहे ते मी गेली पंचेचाळीस वर्षं बोललेलो नाही. ते तोंडाने यायचं नाही. तेव्हा हे पत्र एकटीने वाच. न्हाणीघरात बसून वाचलंस तरी चालेल.

तर विषय आहे आपल्या आइस हॉकीच्या रिंकमधल्या कीर्तिदालनाचा. दालन म्हणायचं म्हणून म्हणायचं, आहे ती एक भिंत, चषकांच्या कपाटापासून पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत. दर तीन वर्षांनी एका निवृत्त खेळाडूचा फोटो लागतो, वार्षिक जेवणावळीत भाषण होतं, डोरीन रडते आणि सगळे घरी जातात. या वेळी भानगड अशी झाली की भिंतीवर एकच जागा उरली. त्यानंतरचा फोटो थेट दारावर येईल आणि कोणाही भल्या माणसाला दिवसातून दोनशे वेळा उघडमीट होणारं कीर्तिदालन नको आहे. त्यामुळे जो तो एकदम गंभीर झाला. एरवी आमच्या समितीची सभा म्हणजे कॉफी आणि हवामान. या खेपेला तीन सभा झाल्या आणि तिसऱ्या सभेत कॉफी संपली तरी कोणी उठलं नाही. समितीत आम्ही पाच जण: दाजी अध्यक्ष (शेजारच्या हॅझलिट गावचा माणूस म्हणजे आपल्या गावातल्या भांडणात निःपक्षपाती, अशी लोकांची समजूत, चाळीस वर्षं बाबांच्या शेतावर घरजावई म्हणून राहूनही ते अजून हॅझलिटचेच), मी सचिव, कँटीनची डोरीन, बिल लोझिन्स्की आणि अर्ल पेट्रिक. यातले बिल आणि अर्ल स्वतःच उमेदवार होते. आमच्याकडे हे चालतं, कारण उमेदवाराने समितीत बसून स्वतःविरुद्ध बोलायचं असतं.

मी सचिव या नात्याने प्रत्येकाची बाजू मनापासून मांडली. (मनापासून का, ते कळेलच.) पहिला बिल. एका हिवाळ्यात एकसष्ट गोल, तेही त्या जुन्या रिंकमध्ये, जिथे छत गळायचं आणि निळ्या रेषेपाशी बर्फाला टेंगूळ यायचं. मी ठराव मांडला, डोरीनने अनुमोदन दिलं, आणि दाजींनी नियमावली काढली. नियम चार: खेळाडू निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली असावीत. बिल सत्तर वर्षांचा आहे आणि अजून दर बुधवारी म्हाताऱ्यांच्या संघातून खेळतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, एका कागदावर सही कर की मी निवृत्त झालो. तो कागदाकडे असा बघत बसला की जणू मी त्याचं मृत्युपत्र पुढे केलंय. कशातून निवृत्त, असं त्याने विचारलं. मी म्हटलं हॉकीतून. मग बुधवारी मी काय करू, असं त्याने विचारलं, आणि मी तो कागद घडी करून खिशात घातला. बिल बाद.

दुसरा अर्ल. तुला अर्लचा इतिहास सांगायला नको, पण त्या दिवशी मी तो अगदी नीट मांडला. दहा वर्षं संघाचा बचाव सांभाळताना त्याने या पंचक्रोशीतल्या लोकांचे जेवढे दात पाडले तेवढे कोणी पाडले नाहीत. मग सस्कटूनला जाऊन दंतवैद्य झाला आणि पुढची तीस वर्षं त्याच लोकांना कवळ्या करून दिल्या. एवढी जबाबदारीची जाणीव कुठल्या खेळाडूने दाखवली आहे? मी म्हटलं, फोटोखाली दोन्ही कामगिऱ्या लिहू. पण डोरीनने (तिची वरची कवळी अर्लची, आणि तिचे मूळचे दातही अर्लनेच पाडलेले, नेम चुकलेल्या पकच्या चकतीने, ती प्रेक्षकांत बसलेली असताना) शांतपणे सांगितलं की मक्याचं कणीस तिला अजून खाता येत नाही, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी ती हात वर करेल. अर्लने तिथल्या तिथे माघार घेतली आणि तिला सोमवारची वेळ दिली.

तिसरा लिओ गान्यों. ताई, लिओसारखं स्केटिंग आपण दोघांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. पायात स्केट्स नसले की त्याला जिना उतरता यायचा नाही, आणि स्केट्स घातले की वाटायचं या माणसाला हाडं नाहीत. पण त्याने एक हिवाळा हॅझलिटकडून खेळला. का, तर त्यांच्या कँटीनमध्ये बटाट्याच्या कापांवर ग्रेव्ही जास्त घालायचे. हे त्याने स्वतः कबूल केलं होतं आणि तेव्हा आपलं कँटीन चालवायची डोरीनची आई. पुढचं मी लिहीत नाही. डोरीन ठराव ऐकून उठली आणि भांडी घासायला गेली. सभेची भांडी नव्हतीच, तरी घासत होती.

तर अशी भिंत रिकामी आणि उमेदवार संपलेले, तेव्हा दाजींनी घसा खाकरला. तुला माहीत आहे, दाजी घसा खाकरतात तेव्हा एक तर लग्न असतं किंवा बैल मेलेला असतो. ते म्हणाले, "आपण सगळे एका माणसाचं नाव घ्यायचं टाळतोय, कारण तो लाजतो. मी ओरेस्टचं नाव सुचवतो. एकोणसत्तरची अंतिम लढत. मीच हरलेलो माणूस आहे, तेव्हा मीच सांगायला हवं."

ताई, खुर्चीखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं ते मला त्या क्षणी कळलं. (रिंकची फरशी थोडी कलती आहेच, पण ते वेगळं.)

आता तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला सांगतो. राग मानू नकोस. खोटी आवृत्ती मी गावाला इतक्या वेळा ऐकवली आहे की खरी सावकाश लिहून काढल्याशिवाय माझा मलाच भरवसा वाटत नाही. जिल्हा चषकाची अंतिम लढत, हॅझलिट समोर, पहिल्या दोन सत्रांत मी चार गोल खाल्ले. त्यातला एक तर मध्यरेषेवरून घरंगळत आला आणि मी त्याला वाट दिली. विश्रांतीत माझं पोट असं बिघडलं की मी तळघरातल्या स्वच्छतागृहाची कडी लावून बसलो. तू बाहेरून आल्याच्या सोड्याची, जिंजर एलची बाटली घेऊन आलीस, दार ठोठावलंस, आधी लाडाने, मग आईच्या आवाजात. मी म्हटलं मी मरतोय. तू म्हणालीस मर, पण स्वेटर इकडे दे. मी सतरा वर्षांचा होतो आणि मला शरम वाटायला हवी होती, पण खरं सांगू का, मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. तू केस स्वेटरच्या आत खोचलेस, माझे पॅड चढवलेस, माझा मुखवटा बांधलास आणि मागच्या दाराने बर्फावर गेलीस. प्रशिक्षक नेहमीप्रमाणे ओरडत होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. आपल्या शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर पाच हिवाळे मी तुला गोलात उभं करून पक मारले होते. (कारण घरात गोलरक्षक व्हायला कोणी तयार नव्हतं आणि तू मुलगी होतीस.) म्हणजे गोलरक्षक खरी तूच होतीस. संघातला मी होतो एवढंच.

तिसऱ्या सत्रात एक गोल झाला नाही. बिलने आपल्या संघाचा पाचवा मारला, आपण पाच-चारने पुढे. शेवटची तीन मिनिटं उरली असताना अर्लने सुटलेल्या हाल्वरदाजींच्या पुढे आपली काठी फेकली आणि पंचाने पेनल्टी शॉट दिला. आख्खा बर्फ रिकामा, एका टोकाला हॅझलिटचा वीस वर्षांचा हाल्वर, ज्याने त्या मोसमात एकही पेनल्टी चुकवली नव्हती, आणि दुसऱ्या टोकाला तू. मी तळघरात होतो. मी ते पाहिलेलं नाही, ताई. मी वरच्या पायांचा धडधडाट ऐकला, मग शांतता ऐकली, आणि मग छत खाली येईल असा आवाज ऐकला. जी कामगिरी मी पंचेचाळीस वर्षं रंगवून सांगितली ती मी पाइपातून ऐकली आहे. नंतर तू धावत आलीस, आपण कपडे बदलले, आणि मी वर गेलो तर मला खांद्यावर घेतलं. माझ्या अंगावरचा घाम तुझा होता.

त्याच रात्री आईच्या खोलीतल्या देवाच्या तसबिरीसमोर तू मला शपथ घातलीस. चषक परत जाईल, संघावर बंदी येईल, बाबा आपल्याला गोठ्यात झोपवतील, ही तेव्हाची कारणं. ती दोन-चार वर्षांत संपली असती. पण तू नेमकी हाल्वरच्याच प्रेमात पडलीस. आणि लग्नात तो माणूस उभा राहून म्हणाला की मला आयुष्यात एकदाच कोणी अडवलं आणि आज मी त्याचा मेहुणा होतोय. तू माझ्याकडे पाहिलंस. मी केकमध्ये तोंड खुपसलं. त्यानंतर सांगायची वेळ गेली ती गेलीच. दर नाताळाला दाजी ती गोष्ट सांगतात, दर नाताळाला माझ्या पाठीवर थाप मारतात, आणि गावात तर म्हणच पडली आहे की तिसऱ्या सत्रात ओरेस्ट वेगळाच माणूस वाटत होता. मी काही नाकारलं नाही. मला ते आवडायचं, हे लिहून टाकतो. आयुष्यात दुसरं काही असं केलंही नाही की कोणी थाप मारावी. पण गोष्ट सांगणं वेगळं आणि भिंतीवर चढणं वेगळं. तुझ्या जागेवर, फ्रेममध्ये, काचेमागे, कायमचा.

म्हणून मी नकार दिला. आणि इथे माझी खरी फजिती सुरू झाली, कारण आपल्या गावात नकार देणं म्हणजे अर्ज भरणं. मी म्हटलं मी लायक नाही, तर बिल म्हणाला बघा, लायक माणूस असंच बोलतो. मी म्हटलं पहिल्या दोन सत्रांत चार गोल खाल्ले, तर अर्ल म्हणाला प्रांजळपणा बघा. मी म्हटलं मला हा मान नकोच, मी राजीनामा देतो, तर डोरीनचे डोळे भरून आले आणि तिने मला कॉफीबरोबर ॲपल पायचा तुकडा दिला, जो ती अंत्यविधीशिवाय कोणाला फुकट देत नाही. मतदान झालं. चार विरुद्ध एक. विरुद्ध मत माझं. बिलने ठराव मांडला की सचिवाचं मत विनयामुळे पडलं असल्याने ते अनुकूल धरावं, आणि तो एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मलाच लिहावं लागलं.

तेव्हा माझा बांध फुटला. शपथ मोडली, ताई. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं: तळघर, जिंजर एल, स्वेटर, मुखवटा. अगदी स्वच्छ शब्दांत म्हणालो की तिसऱ्या सत्रात गोलात मी नव्हतो, स्टेफ्का होती. मला वाटलं, संपलं, आता चषक जाईल, तोंड काळं होईल, पण निदान मोकळा होईन. आणि अर्लने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती इथे नाही, तर हा तिला स्वतःचा विजय देऊन टाकायला निघालाय. असा भाऊ मी पाहिला नाही." बिल म्हणाला हॉकीवाले नेहमी श्रेय दुसऱ्याला देतात, पण बहिणीला दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. डोरीन तर सरळ रडायलाच लागली आणि दुसरा तुकडा कापला. मी शपथेवर सांगतो म्हटलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. या देशात खरं बोलून शिक्षा ओढवून घ्यायची असेल तर माणसाने काय करावं?

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त एकाने. दाजी नियमावली मिटून तिच्यावर हात ठेवून बसले होते. माझी पिकअप बंद होती (तोच तो बुधवार), म्हणून त्यांनी मला घरी सोडलं. धान्याच्या कोठारापाशी त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं आणि समोर बघत विचारलं, "शॉट अडवल्यावर मी गोलापाशी थांबलो होतो. गोलरक्षकाला मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो, ओरेस्ट?"

ताई, पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. लाजेखातर विचारला नसेल, किंवा आम्हां दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट म्हणून जपून ठेवला असेल. मी खिडकीवरचा बर्फ नखाने खरवडत बसलो. मला काही येत असतं तर मी नक्की खोटं बोललो असतो, असा माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. पण काही आलंच नाही.

शेवटी तेच बोलले. "मी म्हणालो, जिथे मारणार होतो तिथे तू आधीच येऊन बसला होतास. गोलरक्षक काही बोलला नाही. काठीने माझ्या नडगीवर दोन टपल्या मारल्या, हळूच. समोरच्या संघातला माणूस आणि मला धीर देतोय. मी ठरवलं, या माणसाशी आयुष्यभर ओळख ठेवायची." मग त्यांनी गाडीचा पंखा कमी केला. "स्टेफ्का स्वयंपाकघरात माझ्या मागून जाते ना," ते म्हणाले, "तेव्हा हातातल्या लाकडी चमच्याने तशाच दोन टपल्या मारते. चाळीस वर्षं मारतेय. मला वाटायचं, वाटेतून सरक म्हणून."

मी म्हटलं, "दाजी, माफ करा." त्यांनी मान हलवली, होकाराने की नकाराने ते कळलं नाही, आणि मला दारात उतरवून गेले. त्या दिवसापासून जेवायला आलेले नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. मी मंगळवारच्या उरलेल्या पेरोगी डब्यात भरून त्यांच्या दारात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबा तिथेच, पेरोगी दगड. मला भिंतीचं काही नाही ताई, मला त्या माणसाचं वाईट वाटतंय. ज्याच्याकडून हरल्याचा त्याला आयुष्यभर अभिमान होता तो मी नव्हे, हे त्याला एका थंड गाडीत कळलं. आणि जी होती ती त्याच्या शेजारी झोपत होती आणि बोलली नाही. आता त्याला राग मोठा आहे की आनंद, हे मला ठरवता येत नाही. मला वाटतं त्यालाही येत नसावं. तू त्याला लिही, किंवा बोल, पण टेबलावर फोन ठेवून नको. शपथ मी मोडली, तिचं पाप माझ्या माथी. जेवणावळ मार्चच्या पंधराला आहे. तोवर माझा फोटो पुसून ठेवलेला आहे, उलटा.

बाळीला सांभाळ. गुडघ्याला जप. छतावरचा बर्फ मी काढला आहे, विचारू नकोस.

तुझा धाकटा, आणि या वयातही लपून बसायला जागा शोधणारा,
ओरेस्ट

ता. क. पाकिटावर पत्ता लिहिल्यावर आठवलं म्हणून पुन्हा उघडलं: तुझ्या लोणच्याच्या बरण्यांपैकी एक माझ्या हातून फुटली. बाकी काही विशेष नाही. वरचं सगळं जरा मनावर घेतल्यासारखं लिहिलं गेलं आहे. अर्धं सोडून दे.

ता. क. दुसरा. सोमवार सकाळ. सोडून देऊ नकोस. पत्र टाकायला निघालो तर डोरीन रस्त्यात भेटली. म्हणाली दाजी काल संध्याकाळी रिंकवर येऊन स्केट्सना धार लावून घेऊन गेले. कसली घाई, तर प्रवासाला जातोय म्हणाले. मी त्यांच्या घरी गेलो, पिकअप नाही, भिंतीतली वायर नुसती लोंबतेय. घरी परत आलो आणि का कोण जाणे, तळघरात उतरलो. फळीवरचे माझे जुने पॅड नाहीत. मुखवटा नाही. गोलरक्षकाची काठी नाही. (माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे आहे, तूच दिलीस.) फळीवर एक चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात: 'ज्याचं त्याला नेऊन देतो.' चिठ्ठीखाली शिफारशीचा अर्ज, माझं नाव खोडलेलं, तुझं लिहिलेलं, शिफारस करणारा हाल्वर ट्वाइट. अध्यक्षाची सही झालेली आहे. उमेदवाराची राहिली आहे. अर्ज सोबत जोडतोय.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र हेच समज. दाजी विमानात बसत नाहीत हे तुला माहीतच आहे. साडेचार हजार किलोमीटर गाडीने म्हणजे पाच दिवस, त्यांच्या वेगाने सहा. हे मी जलद टपालाने पाठवतोय, म्हणजे तुला आधी मिळेल. लेस्याच्या घरामागे तळं आहे आणि ते गोठलेलं आहे हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस, आणि दाजीही तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होते. तेव्हा ते दारात पॅड घेऊन उभे राहिले तर घाबरू नकोस आणि माफी मागत बसू नकोस. त्यांना तो पेनल्टी शॉट पुन्हा एकदा मारायचा आहे, समोर कोण आहे हे माहीत असताना. डावीकडे दाखवून उजवीकडे मारतील. नवीन काही शिकलेले नाहीत. माझी विनंती एवढीच, ताई: गुडघ्याचं निमित्त करू नकोस, आणि म्हाताऱ्या नवऱ्यावर दया म्हणून गोल तर मुळीच सोडू नकोस. सोडलास तर त्यांना लगेच कळेल, आणि परतीचे साडेचार हजार किलोमीटर त्यांच्या शेजारच्या सीटवर तुलाच बसून यायचं आहे.